शंकर बाळकृष्ण दीक्षित, ट्रेनिंग कॉलेज, पुणे

१८९६ साली लंडनमध्ये 'द इंडियन कॅलेंडर' नावाचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. इ. स. ३०० ते १९०० या सोळाशे वर्षांतील जुन्या तिथींच्या इंग्रजी तारखा काढण्याची कोष्टके त्यात आहेत. मुखपृष्ठावर तीन नावे दिसतात. पहिले रॉबर्ट सेवेल यांचे. त्याखाली इंडियन सिव्हिल सर्व्हिसचा उल्लेख. ग्रहणांची कोष्टके करणारे रॉबर्ट श्राम हे व्हिएन्नाचे. त्यांच्या नावामागे 'डॉक्टर' आहे. उरलेले नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित, आणि त्याखाली एवढेच छापले आहे : ट्रेनिंग कॉलेज, पुणे.

दीक्षितांच्या नावापुढे पदवी नाही, कारण त्यांच्याजवळ ती नव्हतीच. ते मॅट्रिक होते. ट्रेनिंग कॉलेज म्हणजे मराठी शाळांसाठी मास्तर तयार करणारी संस्था. आजच्या भाषेत डी. एड. कॉलेज म्हटले तर फारसे चुकणार नाही. त्याच पुण्यात त्या वेळी डेक्कन कॉलेज होते, स्थापत्यशास्त्र शिकवणारे कॉलेज ऑफ सायन्स होते, फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये निघाले होते. बी. ए., एम. ए., एल. सी. ई. झालेली माणसे या गावात कमी नव्हती. तरी भारतीय कालगणनेचा प्रश्न आला की आय. सी. एस. अधिकारी पत्र लिहीत ते या मॅट्रिक झालेल्या मास्तरांना.

असे का व्हावे, याचा शोध आम्हाला महत्त्वाचा वाटतो. 'मी काही एम. एस्सी. नाही' हे वाक्य शिक्षकांच्या तोंडून आम्ही पुष्कळदा ऐकतो. प्रयोगशाळांतही पदवीवरून माणसे बसवण्याची एक उतरंड असतेच. पदव्या निरर्थक आहेत असे सांगायचा आमचा हेतू नाही. आम्ही स्वतः पदवीच्या बळावरच संशोधनात आलो. पण दीक्षितांना काय येत होते आणि त्यांच्याहून अधिक शिकलेल्या सहकाऱ्यांना काय येत होते, याचा हिशेब नीट मांडला तर 'अधिक शिकलेला' या शब्दांचा अर्थ आपण समजतो तितका सरळ राहत नाही.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये दापोली तालुक्यातील मुरूडचा. घराणे वैदिकांचे. थोडे वेदपठण, थोडे संस्कृत, गावची मराठी शाळा, आणि मग १८७० साली पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज. तिथे तीन वर्षे शिकताना त्यांनी इंग्रजीचा अभ्यास वेगळा केला आणि १८७४ च्या सुमारास मॅट्रिकची परीक्षा दिली. शिक्षण इथे संपले. पुढची सारी वर्षे नोकरीची : रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, आणि शेवटी पुन्हा पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज, या वेळी शिक्षक म्हणून. ही गावे नकाशावर पाहावीत. यांपैकी पुणे सोडले तर हस्तलिखितांचा मोठा संग्रह कुठेही नव्हता. वेधशाळा तर नव्हतीच.

पदवी नसणे ही गोष्ट दीक्षितांच्या आधीच्या पिढीत इतकी ठळक नव्हती. पुण्याचे नामांकित गणिती केरो लक्ष्मण छत्रे (१८२४ ते १८८४) यांच्याजवळही विद्यापीठाची पदवी नव्हती. मुंबई विद्यापीठच १८५७ साली स्थापन झाले आणि पहिले चार पदवीधर बाहेर पडले ते १८६२ मध्ये. छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लिबार यांच्या हाताखाली काम करता करता शिकले, आणि पुढे डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. छत्र्यांना पदवी कोणी विचारली नाही, कारण ते शिकत होते तेव्हा ती कोणाजवळच नव्हती. दीक्षितांच्या काळी मात्र दोन वेगळ्या वाटा पडल्या होत्या : इंग्रजी कॉलेजची एक आणि मराठी शाळामास्तरांची दुसरी. दुसऱ्या वाटेवरून पहिलीवर जाणे फार अवघड झाले होते. पदवीचे वजन ती देणाऱ्या संस्थेबरोबर वाढत जाते, हे आपल्याकडे अवघ्या तीस वर्षांत घडलेले दिसते.

आता प्रत्यक्ष काम पाहू. गुप्त राजांच्या शिलालेखांत वर्षे दिलेली असतात, पण ती गुप्त संवतातली. हा संवत केव्हा सुरू झाला, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. कोणी तो शक संवताशीच एक मानी, म्हणजे आरंभ इ. स. ७८ च्या सुमारास. जनरल कनिंगहॅम यांच्या मते आरंभ इ. स. १६६-६७ मध्ये. अल्बेरूनीने लिहून ठेवले होते की हा संवत शकानंतर २४१ वर्षांनी येतो, म्हणजे इ. स. ३१९-२०. दोन टोकांत जवळजवळ २४० वर्षांचे अंतर. समुद्रगुप्त कोणत्या शतकातला, याचेच उत्तर नाही म्हटल्यावर प्राचीन भारताचा इतिहास लिहायचा कसा?

हा प्रश्न हाती घेतला जॉन फ्लीट यांनी. ते आय. सी. एस. अधिकारी, संस्कृतचे जाणकार, १८८३ ते १८८६ या काळात भारत सरकारचे पुराभिलेखज्ञ. मंदसोर येथील एका शिलालेखाने त्यांना मोठा आधार मिळाला. त्यात कुमारगुप्ताच्या काळी मालव वर्ष ४९३ मध्ये रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीने सूर्यमंदिर बांधल्याची नोंद आहे. मालव संवत म्हणजेच आपला विक्रम संवत धरला, तर ४९३ मधून ५७ वजा करून इ. स. ४३६ येते. कुमारगुप्ताच्या इतर लेखांत गुप्त वर्षे ९६ ते १२९ सापडतात. त्यांत ३१९ मिळवले की इ. स. ४१५ ते ४४८. त्यात ४३६ नेमके बसते. हे श्रेय फ्लीट यांचे, आणि ते लिपी व भाषा यांच्या शास्त्रशुद्ध शिक्षणातून आलेले आहे.

पण एवढ्याने संवताचे वर्ष निश्चित होत नाही. एक-दोन वर्षांची, क्वचित पाच-दहा वर्षांचीही ढील राहते. ती काढायची तर लेखातली तिथी आणि वार यांचा मेळ घालून पाहावा लागतो. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण येथे बुधगुप्ताचा स्तंभ आहे. त्यावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असे स्पष्ट कोरलेले आहे. १६५ मध्ये २४१ मिळवले की शक ४०६, आणि त्यात ७८ मिळवले की इ. स. ४८४. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी कोणत्या वारी होती?

हे गणित दिसते तितके सोपे नाही. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी पुरी होते. चंद्राची गती सारखी नसल्याने तिथी कधी २० तासांची, कधी २६ तासांहूनही मोठी. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. सूर्योदयही गावोगाव वेगळा. त्यातच अधिक महिना केव्हा धरला, शकाचे वर्ष गत की वर्तमान, महिना अमान्त की पूर्णिमान्त, असे प्रश्न. मध्यम मानाने हिशेब केला तर एका दिवसाची चूक सहज होते, आणि वार जुळवायचा असताना एका दिवसाची चूक म्हणजे सगळेच फुकट.

फ्लीट यांच्यासाठी हे गणित दीक्षितांनी केले. त्या वर्षांत ते बार्शीस शिक्षक होते. साधन म्हणून त्यांनी वापरली ती केरो लक्ष्मण छत्र्यांची १८६० साली छापलेली 'ग्रहसाधनाची कोष्टके'. एका पदवीहीन गणित्याने मराठीत केलेली कोष्टके दुसऱ्या पदवीहीन गणित्याने वापरली, असा हा योग. उत्तर आले इ. स. ४८४, जून २१, गुरुवार.

वार जुळणे हा पुरावा किती भक्कम? कोणतीही तारीख घेतली तरी सातांत एक वेळा वार जुळणारच. म्हणून एकटा वार काही सिद्ध करत नाही. पण शेजारच्या वर्षांशी तुलना केली की त्याची धार कळते. चांद्रवर्षाचे दिवस ३५४, आणि अधिक महिना आला तर ३८४. या संख्यांना ७ ने भागले तर बाकी ४ किंवा ६ उरते. म्हणजे संवताचा आरंभ एका वर्षाने चुकला तर वार चार किंवा सहा दिवसांनी सरकतो आणि गुरुवार हातचा जातो. मंदसोरच्या लेखाने शतक ठरले आणि एरणच्या गुरुवाराने वर्ष ठरले, असे म्हणता येईल.

दीक्षित तिथे थांबले नाहीत. परिव्राजक महाराजांच्या ताम्रपटांत गुप्त वर्षाबरोबर बार्हस्पत्य संवत्सराची नावे येतात : महावैशाख, महाआश्वयुज, महाचैत्र अशी. गुरू सूर्याच्या तेजात लोपतो आणि पुन्हा पहाटे दिसू लागतो, त्या वेळी तो ज्या नक्षत्रात असेल त्यावरून संवत्सराला नाव मिळते, ही पद्धत जुन्या ग्रंथांत होती पण वापरातून गेली होती. ताम्रपटांतली नावे त्या पद्धतीची आहेत हे दीक्षितांनी दाखवले. असे दोन उदय सुमारे ३९९ दिवसांच्या अंतराने होतात, म्हणून बारा वर्षांत उदय येतात अकरा आणि एक नाव गळते. बारा वर्षांनी नाव फिरून तेच.

यावरून एक छोटे उदाहरण नववी-दहावीच्या वर्गातही करून घेता येईल. ताम्रपटांत गुप्त वर्ष १५६ ला महावैशाख, १९१ ला महाचैत्र, २०९ ला महाआश्वयुज आहे. १५६ पासून १९१ पर्यंत ३५ वर्षे. १२ ने भागून बाकी ११. वैशाखापासून अकरा महिने पुढे मोजले की चैत्र. बरोबर. २०९ पर्यंत ५३ वर्षे, बाकी ५. वैशाखानंतर पाचवा आश्विन. हेही बरोबर. पण एका ताम्रपटात १६३ ला महाआश्वयुज म्हटले आहे. फरक ७, तेव्हा मार्गशीर्ष यायला हवा. आश्विन येत नाही. १६३ च्या जागी १७३ धरा : फरक १७, बाकी ५, आश्विन. वर्ष शब्दांत लिहिताना 'साठ' आणि 'सत्तर' यांत लेखकाची गल्लत झाली असावी, असे अनुमान निघते. पंधराशे वर्षांपूर्वीच्या ताम्रपटाची शुद्धिपत्रिका गुरू ग्रहाने करून द्यावी, यातली गंमत विद्यार्थ्यांना नक्की कळते.

फ्लीट यांचा गुप्तलेखांचा खंड १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या परिशिष्टांत तिथीवरून वार काढण्याची रीत आणि गुरूचे बारा वर्षांचे चक्र हे दोन भाग दीक्षितांच्या नावाने छापलेले आहेत. फ्लीट यांना याबद्दल धन्यवाद द्यायला हवेत. गणित दुसऱ्याकडून करून घ्यावे आणि नाव प्रस्तावनेतल्या एका ओळीत गुंडाळावे, ही रीत तेव्हाही होती आणि आजही ती अपरिचित नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. हे काम पदवीधरांपैकी कोणी का केले नाही? आमच्या मते कारण असे. कॉलेजात शिकलेल्याला गोलीय त्रिकोणमिती येत होती, न्यूटन ठाऊक होता, पण 'ग्रहलाघव' त्याने उघडलेले नसे. अधिक महिना आणि क्षयतिथी त्याला घरच्या पंचांगात दिसत, वहीत नव्हे. उलट गावच्या जोश्याला ग्रहलाघवाची रीत तोंडपाठ. तो पाटीवर आकडे मांडून झरझर तिथी काढी, पण अमुक संख्येने का गुणायचे हे विचारले तर गप्प होई. दीक्षितांना दोन्ही येत होते. गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास नांदगावी रचलेला ग्रहलाघव त्यांच्या कोकणातलाच. त्या परंपरेत ते वाढले होते. आणि ट्रेनिंग कॉलेजने, मास्तर व्हायचे म्हणून, प्रत्येक रीतीचे कारण सांगायची सवय लावली असावी. दोन वाटांच्या मधली ही जागा कोणत्याही पदवीच्या अभ्यासक्रमात नव्हती.

हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. दीक्षितांना जे येत नव्हते तेही महत्त्वाचे होते. ग्रहगतीची नवी कोष्टके मुळापासून रचण्याइतके उच्च गणित त्यांना शिकायला मिळाले नव्हते. त्यासाठी ते युरोपीय गणितावर आधारलेल्या छत्र्यांच्या कोष्टकांवर अवलंबून होते. 'इंडियन कॅलेंडर'मधली ग्रहणे श्राम यांनी केली, ती त्या विषयाचे खास शिक्षण असल्यामुळेच. सेवेल यांनी ग्रंथाला घाट दिला आणि उपयोग ओळखला. हा ग्रंथ इतिहासकारांइतकाच न्यायालयांसाठीही होता, कारण जमिनीच्या खटल्यांत जुने दस्तऐवज पुढे येत आणि त्यांत बनावट पुष्कळ असत. बनावट दस्त करणारा शाई आणि कागद जुना करू शकतो. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या तिथीचा वार बरोबर लिहायचा तर त्याला गणित यायला हवे. तेवढ्यावर लबाडी उघडी पडे. त्या ग्रंथात तिघांचे ज्ञान तीन जातींचे आहे, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेतली असती तर ग्रंथ बिघडला असता.

शिक्षणाची उणीव कुठे जाणवते याचे एक उदाहरण त्यांच्या प्रसिद्ध संशोधनातच आहे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असा उल्लेख आहे. आज पुण्याहून पाहिले तर कृत्तिका पूर्वबिंदूच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतात. त्या नेमक्या पूर्वेला उगवायच्या तर त्या विषुववृत्तावर हव्यात. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो. कृत्तिकांचा शर चार अंश धरून हिशेब केला की जवळजवळ ६९ अंश मागे जावे लागते, म्हणजे सुमारे पाच हजार वर्षे. इ. स. पूर्व ३००० च्या सुमाराचा हा काळ दीक्षितांनी काढला, आणि ते गणित आजही बिनचूक आहे. पण त्यावरून ग्रंथाचा काळ ठरतो का? भाषाशास्त्राचे अभ्यासक ब्राह्मणग्रंथ कितीतरी अलीकडचे मानतात. जुने निरीक्षण परंपरेने पुढे आले असेल, किंवा 'ढळत नाहीत' याचा अर्थ इतका काटेकोर नसेल, असे त्यांचे म्हणणे. वेदांच्या भाषेचा ऐतिहासिक अभ्यास दीक्षितांच्या हातचा नव्हता. इथे अधिक शिकलेल्यांचा आक्षेप आम्हाला वजनदार वाटतो.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ 'भारतीय ज्योतिःशास्त्र' पुण्यात १८९६ मध्येच प्रसिद्ध झाला. दक्षिणा प्राइझ कमिटीने लावलेल्या बक्षिसाच्या निमित्ताने तो लिहिला गेला. पाचशेंहून अधिक पाने, वेदकाळापासून समकालीन पंचांगांपर्यंतचा इतिहास, आणि तो मराठीत. डेक्कन कॉलेजातील हस्तलिखिते पाहून, जुनी पंचांगे गोळा करून, एकेका ग्रंथाचे वर्ष त्याच्या क्षेपकांवरून ताडून त्यांनी तो रचला. 'अमुक ग्रंथ मी पाहिला नाही' असे ते जागोजाग स्पष्ट सांगतात. नोकरी सांभाळून हे काम करणाऱ्या माणसाला आणखी दोनच वर्षे मिळाली. एप्रिल १८९८ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वय ४४.

दीक्षित एकटेच होते असे मात्र नाही. त्यांचे समकालीन व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४ ते १९३०) हेही शाळाखात्यातले. 'ज्योतिर्गणित' हा ग्रंथ लिहून त्यांनी पंचांगगणिताला आधुनिक पाया दिला. १९११ साली त्यांनी फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचे भाकीत केले : अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट, प्रदक्षिणा २४२ वर्षांची. १९३० मध्ये प्लूटो सापडला; त्याचे आकडे सुमारे ३९.५ आणि २४८. यावरून आपल्याकडे केतकरांचा जयजयकार होतो. प्लूटोचे वस्तुमान इतके अल्प आहे की त्याच्या ओढीवरून त्याचा ठाव लागणे शक्य नव्हते. ही जुळणी योगायोगाचीच म्हणावी लागते. केतकरांचे मोठेपण पंचांगगणितात आहे, या योगायोगात नाही.

पंचांगाच्या वादात दीक्षित सायन पक्षाचे होते. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्या साथीने ते सायन पंचांग काढत. मोडक बी. ए. होते, दीक्षित मॅट्रिक. महिने ऋतूंशी बांधलेले राहावेत, संपातबिंदूपासून मोजावेत, असा त्यांचा आग्रह. लोकांनी तो मानला नाही. घरोघर निरयन पंचांगच चालले आणि आजही चालते.

पुढे १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५५ चा. त्यात दीक्षितांच्या ग्रंथाचे आधार पुष्कळ ठिकाणी घेतलेले आहेत. २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शक १८७९ ला, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. महिने सायन आहेत. समितीचे एक सदस्य आर. व्ही. वैद्य यांनी नंतर 'भारतीय ज्योतिःशास्त्रा'चे इंग्रजी भाषांतर केले. भारत सरकारच्या वेधशाळा खात्याने ते दोन भागांत छापले, पहिला १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये. मूळ ग्रंथ लिहिला गेल्यावर तो इंग्रजीत पुरा वाचायला मिळेपर्यंत पंच्याऐंशी वर्षे गेली. तोवर ज्यांना तो हवा होता, त्यांना मराठी येणे भाग होते.